लघुउद्योगांची थकीत देणी व आयकर कायदा : एक चिकित्सा

सूक्ष्म व लघुउद्योगांची देणी लेखी करार नसल्यास १५, असल्यास कमाल ४५ दिवसांत चुकवावीत. अन्यथा बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. परंतु पुढील ऑर्डर गमावण्याच्या भीतीने ते व्याज मागण्यास पुरवठादार सहसा धजावत नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४३बी मध्ये खंड 'एच' जोडला. करआकारणी वर्ष २०२४-२५ पासून मुदत उलटलेल्या देण्याची वजावट ते प्रत्यक्ष चुकविलेल्या वर्षीच मिळू लागली. पुरवठादाराने तक्रार न करताही खरेदीदारास दंड बसतो, हे या तरतुदीचे खरे बलस्थान होय. मात्र वाढीव कर शासकीय तिजोरीत जमा होतो. पुरवठादाराचे हात रिकामेच. शिवाय तोट्यातील खरेदीदारास वजावट नाकारल्याची झळ ती किती? व्यापाऱ्यांना तर २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. हे संरक्षण त्यांना मिळालेच नाही.