कोंदण हरवलेले रंग

माघी पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकातल्या उळवीला संत चन्नबसवण्णांची जत्रा भरते. धारवाड-बेळगावकडच्या बैलगाड्या जोयड्याच्या जंगलात शिरतात. गाडीतून उतरणाऱ्या बायकांत कुणाच्या अंगावर इरकल साडी असते: अंग गर्द हिरवं नाहीतर मोरपंखी, काठ डाळिंबी किंवा जांभळा, पदर लाल. तिन्ही रंग रत्नांसारखे गडद, तरी एकही दुसऱ्याच्या अंगावर धावून जात नाही. हल्ली ‘ज्वेल टोन’ या नावाने कपड्यांवर, लग्नपत्रिकांवर, मिठाईच्या खोक्यांवर माणिक-पाचू-नीलम या त्रिकुटाची रेलचेल आहे. पण तिथे बहुतेकदा कलकलाटच होतो.

इरकलीत अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा. फासात फास अडकवून दोन्ही जोडतात. अंगाचा रंग कोणताही असो, परंपरेने पदर लालच. म्हणजे तो लाल ऐनवेळच्या आवडीवर सोडलेला नाही. त्याची जागा मागावर चढण्याआधीच ठरलेली असते. त्या लालात ‘टोप तेणी’ या दातेरी नक्षीची पांढरी टोकं येतात आणि गडद रंगाला श्वास घ्यायला जागा मिळते. पैठणीत हेच काम जर करते. सोनार खडा नुसता ठेवत नाही, कोंदणात बसवतो, विणकराचंही तसंच.

या रंगांचं आपसातलं नातंही जुनं. रंगारी पिवळ्यावर निळीचा हात देऊन हिरवा काढी, लालावर देऊन जांभळा. हिरवा, जांभळा, निळा ही एकाच निळीच्या हौदातली भावंडं. 1856 मध्ये रसायनशास्त्रज्ञ पर्किनने कृत्रिम जांभळा शोधला, 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि प्रत्येक रंग डब्यातून सुटा मिळू लागला. रंग स्वस्त आणि पक्के झाले हा फायदा मोठा. पण नातं आपोआप मिळत होतं, ते आता डोळ्याने जुळवावं लागतं.

खुद्द रत्नांचीही गंमत पाहा. माणकाचा लाल क्रोमियममुळे, आणि पाचूच्या हिरव्यातही बहुधा क्रोमियमच. मूलद्रव्य एक, ते कोणत्या स्फटिकात बसलं यावर रंग ठरतो. चित्रकार जोसेफ अल्बर्स यांनी 1963 च्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’मध्ये कागदाचे तुकडे शेजारी ठेवून हीच गोष्ट दाखवली: शेजार बदलला की रंग बदलतो.

आजच्या कामात सर्वांत उमेदीचं काम खणाचं आहे. गुळेदगुड्डचा खण चोळीपुरता उरला होता. मराठी डिझायनरांनी त्याच्या साड्या, पिशव्या, आकाशकंदील केले. जिथे काठ राखला तिथे वस्तू देखणी झाली. जिथे काठ कापून तीन रंगांचे तुकडे ठिगळासारखे जोडले, तिथे खणाचं फक्त नाव उरलं. पॉलिस्टरवर छापलेल्या ‘खणा’त तर रंग ताण्याबाण्यातला नाहीच, मग अंग हलताना रंग हलणार कुठून?

ब्रँडिंगमधली चूक याहून ढोबळ. तीन गडद रंगांना सारखीच जागा द्यायची, वर सोनेरी अक्षरं ठोकायची, की झाली ‘राजेशाही’. त्यात संगणकाच्या पडद्यावर लखलखणारा पाचू छापखान्यात चार शाईंतून उतरताना शेवाळतो, जांभळा काळवंडतो. मग गिऱ्हाईक छापखान्याला बोल लावतं. खरं तर मांडणीतच कागदाचा विचार झालेला नसतो.

याचा अर्थ सगळ्यांनी इरकलीची नक्कल करावी असा नाही. तशी नक्कलही भरपूर झाली आहे. टोप तेणीचे दाते आता चहाच्या पाकिटावरही शोभेला येतील. उचलायची ती पद्धत. रंग निवडण्याआधी यातलं अंग कोणतं, काठ कोणता आणि पदर कोणता, एवढं ठरवावं. उळवीच्या वाटेवर लाल धुळीत गाडीतून उतरणाऱ्या बाईचा पदर लांबूनही ओळखू येतो. तो लाल आहे म्हणून नव्हे, बाकीची साडी तेवढी लाल नाही म्हणून.