देगाच्या नर्तकी : कोळशातले कष्ट

एडगर देगा या फ्रेंच चित्रकाराची (१८३४-१९१७) ओळख 'बॅले नर्तकींचा चित्रकार' अशी करून दिली जाते. कॅलेंडरांवर आणि भेटकार्डांवर आपण पाहतो तो घेरदार झग्यांचा, दिव्यांच्या झगमगाटाचा देगा. पण त्याची कोळसा आणि पेस्टलमधली रेखाटने पाहताना आम्हाला वेगळाच देगा भेटतो. येथे नाच फारसा नाहीच. कोणी बाकावर वाकून घोटा चोळते आहे, कोणी खांद्यावरची पट्टी सावरते आहे, कोणी कमरेवर हात ठेवून दम घेते आहे. नाचाआधीची आणि नाचानंतरची ही मेहनत आहे.

देगाची पद्धतही मेहनतीचीच. चुकलेली रेघ तो पुष्कळदा तशीच ठेवतो आणि तिच्याशेजारी दुसरी ओढतो. त्यामुळे एकाच हाताला दोन-तीन कडा दिसतात आणि थकलेला हात हलल्यासारखा वाटतो. उतारवयात दृष्टी अधू झाल्यावर ट्रेसिंग कागदावर तो तीच आकृती पुन्हा पुन्हा उतरवी, पेस्टलचा एक थर पक्का करून त्यावर दुसरा चढवी. रंग कितीही दाट झाला तरी खालचा कोळसा डोकावतोच.

या मुली कोण होत्या? पॅरिसच्या ऑपेरात त्यांना 'छोटे उंदीर' म्हणत. बहुतेक गरीब घरच्या. वार्षिक वर्गणी भरणाऱ्या धनिक पुरुषांना पडद्यामागे मुक्त प्रवेश असे. त्यांचे काळे कोट देगाच्या चित्रांत कडेला उभे दिसतात. मारी व्हान गोथेम ही अशीच एका धोबिणीची मुलगी. तिची सर्व बाजूंनी रेखाटने करून घडवलेले मेणाचे शिल्प देगाने १८८१ मध्ये मांडले, तेव्हा अनेक समीक्षकांनी तिचा चेहरा कुरूप, पशुवत ठरवला. पुढच्याच वर्षी ऑपेराने तिला काढून टाकले.

म्हणून देगाला करुणेचा चित्रकार म्हणावे काय? आम्हाला ते धाडसाचे वाटते. त्याच १८८१ च्या प्रदर्शनात त्याने गुन्हेगारांचे चेहरेही मांडले होते. पुढे ड्रेफस प्रकरणात तो उघडपणे ज्यूद्वेष्ट्यांच्या बाजूला गेला. ज्या लुदोविक हालेवीच्या बॅलेच्या मुलींवरील कथांसाठी त्याने चित्रे काढली, त्या ज्यू वंशाच्या जुन्या मित्राचे घरही त्याने १८९७ मध्ये तोडले. परक्या पोरीच्या घोट्यातली कळ ज्याला दिसली, त्याला मित्राची वेदना दिसू नये!

कलावंताच्या द्वेषाला त्याची कला माफी मिळवून देत नाही, असे आमचे मत आहे. पण त्या द्वेषापायी ही रेखाटने बाजूला सारली, तर त्यातल्या मुलींचा दुसऱ्यांदा बळी जाईल. देगाविषयीचा निवाडा कठोर असू द्यावा. पण चित्रांसमोर उभे राहताना त्या बाकावरच्या मुलीकडे पाहावे. तिच्या श्रमाची एवढी नेकीने केलेली नोंद दुसरीकडे सहसा सापडत नाही.