नी, वरचा सा आणि ‘ओरिजिनल’

मराठी टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा कितीतरी झाल्या, पण ‘पंचरत्न’ म्हटलं की अजूनही पाचच नावं येतात. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर आणि लातूरचा रोहित राऊत. झी मराठीवरचं ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’चं ते पर्व २००८ साली सुरू झालं आणि फेब्रुवारी २००९मध्ये संपलं. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, निवेदन पल्लवी जोशींचं. विजेती कार्तिकी.

या पर्वाबद्दल बोलायला लागलं की लोक दोनपैकी एका पट्टीत बोलतात. एक पट्टी गहिवराची: काय ती मुलं, काय ते दिवस, पूर्ण घर टीव्हीसमोर. दुसरी काळजीची: एवढ्या लहान पोरांना स्पर्धेत कशाला उतरवायचं, त्यांचं बालपण गेलं वगैरे. दोन्हींत तथ्य आहे. पण मुलं तिथे नक्की काय करत होती आणि आपण कशाला टाळ्या देत होतो, हा गाण्याबद्दलचा प्रश्न या दोन्ही पट्ट्यांत कुठेच येत नाही. गेल्या काही महिन्यांत मी त्या पर्वाच्या जमतील तेवढ्या क्लिप पुन्हा बघितल्या आणि मला तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटायला लागला.

आधी गुणांची पद्धत बघू. या कार्यक्रमात मार्क आकड्यांत नसायचे, सुरांत असायचे. सा रे ग म प ध नी. गाणं चांगलं झालं की ‘ध’, फार चांगलं झालं की ‘नी’, आणि त्याच्याही पलीकडे ‘वरचा सा’. कल्पना झकास आहे, यात वाद नाही. आमच्या घरात त्या काळात भाजीलासुद्धा ‘नी’ मिळायचा. पण मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि कुठे रेटिंग दिसलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला पहिली शंका येते की हे नक्की काय मोजतंय. सात सुरांची पट्टी होती, पण खालचे सूर वापरात जवळजवळ नव्हतेच. ‘रे’ मिळून मान खाली घालून गेलेलं पोर मला तरी आठवत नाही. लहान मुलांच्या बाबतीत ते योग्यच होतं. मात्र सगळे आकडे वरच्या दोन-तीन खणांत गोळा झाले की पट्टी माणसामाणसांतला फरक दाखवेनाशी होते. मग फरक दुसरीकडून काढावा लागतो.

तो काढला जायचा ‘ओरिजिनल’वरून. मुलांनी गायलेली बहुतेक गाणी कुणा मोठ्या माणसाच्या आवाजात कायमची ठरून गेलेली. लताबाई, आशाबाई, भीमसेनजी, वसंतराव, सुधीर फडके. आपल्या डोक्यात ती रेकॉर्ड आधीच चालू असते आणि समोरचं मूल त्या रेकॉर्डच्या किती जवळ जातंय हे आपण बघत असतो. तीच हरकत, तोच श्वास, तीच जागा आली की अंगावर काटा. परीक्षकांच्या खुर्चीत बसण्याआधीच प्रेक्षकांनी हा निकष ठरवून टाकला होता.

आणि ते जवळ जाणं इतकं शक्य झालं ते वाद्यवृंदामुळे. या पर्वाचे खरे उस्ताद कोण असं विचारलं तर मी कमलेश भडकमकरांचं नाव घेईन. सत्यजित प्रभूंचा की-बोर्ड, अमर ओकांची बासरी, आर्चिस लेल्यांचा तबला, निलेश परबची ढोलकी. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डवरचा बासरीचा एखादा तुकडा आपण आयुष्यभर ऐकलेला असतो पण त्याकडे कधी लक्ष दिलेलं नसतं. तो तुकडा इथे जिवंत, जसाच्या तसा यायचा. माझ्या वयाच्या कितीतरी जणांना अंतऱ्याआधीचं संगीत हीसुद्धा ऐकायची गोष्ट असते हे याच मंडळींनी शिकवलं. नाट्यगीत म्हणजे आजोबांची झोपायची वेळ, अशी माझी समजूत प्रथमेशने मोडली. या उपकाराची किंमत कमी करायची नाही.

पण याच अचूकपणात मुलांची गोची होती. मागे हुबेहूब मूळ रेकॉर्ड वाजत असताना पुढे उभं राहून वेगळं काही गाणार कसं? तयार साच्यात आवाज ओतायचा, एवढंच शिल्लक राहतं. आर्याने तो इतका सुरेख ओतला की तिच्या त्या वेळच्या क्लिप ऐकताना डोळे मिटले तर गाणारी मुलगी शाळेत जाते हे विसरायला होतं. लोक हे कौतुकाने म्हणतात. मला त्यात थोडं वाईटही वाटतं. त्या वयाचा आवाज त्या वयाचा वाटू नये यात कसलं आलंय यश? मुग्धाच्या वाट्याला उलटं आलं. ती सगळ्यांत लहान, ‘मॉनिटर’. तिचं लहानपण कार्यक्रमाने जपलं, पण गोडव्यापुरतं.

सगळ्यांत गमतीशीर जागा परीक्षकांच्या खुर्च्यांची आहे. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत ही जोडी महाराष्ट्राला माहीत झाली ती ‘ऐका दाजीबा’मुळे, २००२च्या आसपास. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, रिक्षात, सगळीकडे ते गाणं वाजलं आणि शुद्ध अभिरुचीवाल्यांनी नाकं मुरडली. म्हणजे ज्या दोघांनी मराठी गाण्यात नवा गोंगाट करून नाव कमावलं, तेच दोघं मुलं जुन्या रेकॉर्डच्या किती जवळ जातात हे जोखायला बसले. या विसंगतीवर तेव्हा कुणी फार बोललं नाही.

आता कार्तिकी. तिच्या विजयावर तेव्हा भरपूर वाद झाला. एसएमएसची मतं, कुणाचे किती फोन, खरी गायिका कोण, ऑर्कुटवर रणधुमाळी. पुष्कळांच्या मते ट्रॉफी आर्याची किंवा प्रथमेशची होती. ‘मुलगी चांगली गाते, पण जरा रांगडी आहे’ असं बोलणाऱ्यांच्या स्वरात गाण्यापलीकडचंही काहीतरी मिसळलेलं असायचं, ते काय होतं ते तुम्हाला कळेल. मी मतांच्या हिशेबात पडणार नाही. गाण्याच्या बाजूने मात्र मला कार्तिकीचं जिंकणं पटतं, आणि त्याचं कारण ‘ओरिजिनल’मध्येच आहे.

तिची ‘घागर घेऊन’ ही गवळण ऐका. आवाज मोकळा, छातीतून आलेला, टाळ-पखवाजाच्या वर चढायची सवय असलेला. वडील कल्याणजी गायकवाड गाणं शिकवणारे, गाव आळंदी. गवळण, भारूड, अभंग या गाण्यांना एक ठरलेली रेकॉर्ड नसते. संतांचे शब्द कायम, चाल मात्र दिंडीगणिक बदलते, बुवागणिक बदलते. तिथे मुलीला तुलनेसाठी समोर कुणी उभंच नसतं. ती गाते ती तिचीच गवळण होते. लताबाईंचं गाणं गाणारी मुलगी कितीही चांगली गायली तरी ती दुसरी येणार, पहिला नंबर आधीच भरलेला आहे. कार्तिकी जेव्हा परंपरेतलं गाते तेव्हा पहिली-दुसरी हा हिशेबच लागू होत नाही. त्या पर्वातला मला सगळ्यांत मोकळा वाटलेला आवाज हा आहे, आणि तो मोकळा का आहे याचं श्रेय मी तिच्या गळ्याइतकंच तिने निवडलेल्या गाण्यांना देतो.

ही गोष्ट मला सोलापुरात बसून जरा जास्तच जाणवते. आमच्या पूर्व भागात मागावर तेलुगू, भाजी घेताना मराठी, पुढच्या चौकात कन्नड नाहीतर दखनी. ‘काय करायलास बे’ हे आमच्याकडे प्रेमाचं वाक्य आहे. इथल्या पोराच्या तोंडात ‘ळ’ आणि ‘ण’ आपापल्या मर्जीने येतात. टीव्हीच्या मंचावर मात्र उच्चारांचा एकच नकाशा आहे आणि त्यात आम्ही बसत नाही. भावगीत-नाट्यगीताच्या रेकॉर्डमध्ये सुरांबरोबर एक बोलीही छापलेली असते, आणि ‘ओरिजिनल’च्या जवळ जा म्हणताना त्या बोलीच्याही जवळ जा असं आपोआप सांगितलं जातं. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं, दोन्ही त्यांच्या आवाजात घराघरात पोचली. एकादशीला पंढरपूरच्या रस्त्यावर त्यांचा आवाज ऐकला नाही असं होत नाही. ‘पंचरत्न’ म्हटल्यावर आठवणारी गाणी मोजायला बसलो तर अभंग येतात, नाट्यगीतं येतात, लावणी येते. भीमगीत येत नाही. चौदा एप्रिलला अख्खा महाराष्ट्र ज्या गाण्यांवर रस्त्यावर असतो, ती मराठी गाण्याच्या या आठवणीत कुठे गेली?

यावर कुणी म्हणेल की टीव्हीला प्रमाण भाषाच परवडते, सगळ्यांना कळायला हवं. म्हणून एक लांबचं उदाहरण देतो. हानी अबू-असाद यांचा ‘द आयडल’ (२०१५) हा सिनेमा बघितल्यावर मी ज्या स्पर्धेवर तो बेतलाय तिच्या क्लिप शोधल्या. ‘अरब आयडल’चं २०१३चं पर्व. एमबीसी वाहिनी, डझनापेक्षा जास्त देशांतले प्रेक्षक, आणि विजेता गाझातल्या खान युनिसच्या निर्वासित छावणीत वाढलेला मोहम्मद असफ. सीमा ओलांडून कैरोला पोचायला उशीर झाला, दार बंद, तर तो ऑडिशनच्या हॉटेलची भिंत चढून आत गेला. टोपणनाव त्यालाही मिळालं, परीक्षक राघेब अलामांनी दिलेलं: ‘रॉकेट’.

त्यांच्याकडेही ‘ओरिजिनल’चं ओझं आहेच. उम्म कुलसूम आणि अब्देल हलीम हाफेज म्हणजे त्यांचे लताबाई आणि बाबूजी. अरबीतही प्रमाण भाषा आहे, बातम्यांची, पुस्तकांची. पण गाणी बोलींत असतात आणि स्पर्धेत त्या सगळ्या बोली चालतात. इजिप्तची, लेबनॉनची, आखाताची. चार परीक्षकांत दोन लेबनॉनचे, एक इजिप्तचा, एक अमिरातींची. असफने पॅलेस्टिनी बोलीतलं, केफियावरचं गाणं दबकेच्या ठेक्यावर गायलं आणि सगळं सभागृह उभं राहिलं. त्याच पर्वात इराकच्या कुर्दिस्तानातली परवास हुसैन होती, जिची मातृभाषा अरबीच नाही. त्यावरून तिथेही वाद झाले, आणि असफला पुढे गायकापेक्षा देशाचं प्रतीक म्हणूनच जास्त वापरलं गेलं, तेव्हा तो स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. पण एवढ्या पसरलेल्या भाषेतल्या टीव्हीला बोलींची भीती वाटत नाही, आणि आमच्याकडे सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटरांत ती वाटते.

असो. त्या पाच मुलांचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, पण ते एका ओळीत लावून बघा. आर्याला २०१७मध्ये ‘ती सध्या काय करते’ मिळाला, त्यात ती नायिकाही होती आणि गायलीही. म्हणजे अखेर एक गाणं असं, ज्याची मूळ गायिका ती स्वतः. कार्तिकी अभंगांचे कार्यक्रम करत राहिली, तिची वाट मुळातच वेगळी होती. प्रथमेश आणि मुग्धाने २०२३च्या डिसेंबरमध्ये लग्न केलं, तर बातम्यांत पुन्हा ‘लिटल चॅम्प्स’. दोघंही तोवर चांगले मोठे झाले होते.

रोहितची गोष्ट मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. लातूरचा हा मुलगा २००९मध्ये महाराष्ट्राचा ‘रॉकस्टार’ होता. तो २०१९मध्ये हिंदी ‘इंडियन आयडल’च्या अकराव्या पर्वात पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला आणि २०२०च्या फेब्रुवारीत उपविजेता ठरला. मधली दहा वर्षं तो गात होता, शिकत होता, आवाज पूर्ण बदलला होता. तरी या धंद्यात त्याला पुढे जायला पुन्हा एकदा दुसऱ्यांच्या गाण्यांवर मार्क मिळवावे लागले. हे त्याचं अपयश नाही. मराठीत नवं गाणं करून ते लोकांपर्यंत नेण्याची यंत्रणा इतकी किरकोळ आहे, की आपण निवडलेल्या सर्वोत्तम पाच गळ्यांना द्यायला आपल्याकडे पुरेशी गाणीच नव्हती. चॅनेलकडे स्टेज होतं, वाद्यवृंद होता, प्रायोजक होते. प्रत्येक पर्वात चार नवी गाणी करून घ्यायला कितीसा खर्च आला असता?

मग २०२१ साली ‘लिटल चॅम्प्स’ परत आलं, निवेदनाला मृण्मयी देशपांडे, आणि ज्युरीच्या खुर्च्यांत हेच पाच जण. स्पर्धकांची खुर्ची सोडून परीक्षकांची, मधे फार काही नाही. समोर पुन्हा नवी मुलं, पुन्हा तीच सोनेरी गाणी. मी ते पर्व बघताना एकाच गोष्टीची वाट बघत होतो, की एखादं पोर येईल आणि म्हणेल, मी आज आर्याताईचं गाणं गाणार आहे.