मोफत मिळालेले सांभाळायचे कोणी?

ड्रुपल या संकेतस्थळ-प्रणालीचा आशियातील पहिला मोठा मेळावा १८ ते २१ फेब्रुवारी २०१६ या काळात मुंबईच्या आय.आय.टी.त भरला. ड्रुपल ८ ही नवी आवृत्ती तीनच महिन्यांपूर्वी, १९ नोव्हेंबर २०१५ रोजी, बाहेर पडली होती. मेळावा संपून तीन दिवस होतात न होतात तोच, २४ फेब्रुवारीला, २००८ सालच्या ड्रुपल ६ ची अधिकृत देखभाल थांबली. मुक्त प्रणालींचे गुणदोष पारखायचे असतील, तर नव्या आवृत्तीच्या स्वागतापेक्षा जुन्या आवृत्तीच्या या निरोपाकडे पाहिले पाहिजे.

ड्रुपल, वर्डप्रेस, मूडल या प्रणालींची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, वापरता व बदलता येते. परवान्याचे शुल्क नसल्याने शाळा-महाविद्यालये त्यांच्याकडे वळतात. मात्र ‘मुक्त’ याचा अर्थ बदल करण्याची मोकळीक एवढाच आहे. कोणीतरी कायम देखभाल करील, असे आश्वासन त्यात नाही.

जुनी आवृत्ती नीट चालत असताना ती धोक्याची का व्हावी? येथे कासारसाईला धरणाजवळ राहणाऱ्यांना ठाऊक असते, की धरण बांधून झाले तरी काम संपत नाही. भिंतीवरची झुडपे काढावी लागतात, पाझरावर लक्ष ठेवावे लागते. आज्ञावलीचेही तसेच आहे. पण एक फरक मोठा आहे. नव्या आवृत्तीतील दोष दुरुस्त करताना ती दुरुस्ती जाहीर करावी लागते. तोच दोष जुन्या आवृत्तीत असला, तर तो नेमका कोठे आहे हे घुसखोरांना त्यातूनच कळते. म्हणजे देखभाल थांबलेली आवृत्ती आहे तशी राहत नाही. नव्याच्या प्रत्येक दुरुस्तीबरोबर ती अधिक उघडी पडत जाते.

हे किती झपाट्याने घडते? १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर दोष व त्यावरील दुरुस्ती जाहीर झाली. पुढे ड्रुपलच्या सुरक्षा-गटाने सांगितले, की सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले प्रत्येक स्थळ घुसखोरी झालेलेच समजावे. आपल्याकडे ते सात तास रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार असे होते.

जुन्या आवृत्तीची दुरुस्ती म्हणजे नव्याची नक्कल नव्हे. रचना निराळी असल्याने तोच उपाय नव्याने लिहावा व तपासावा लागतो. हे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. ड्रुपल ६ बाबत त्याची सोय चांगली झाली. काही कंपन्यांनी मोबदला घेऊन देखभाल चालू ठेवली आणि दुरुस्त्या मात्र सर्वांसाठी खुल्या केल्या. मार्च २०१८ मध्ये सापडलेल्या दुसऱ्या मोठ्या दोषाच्या वेळी त्याचा उपयोग झाला.

पुढच्या आवृत्त्यांबाबत मात्र टीका करणे भाग आहे. ड्रुपल ८ ची रचना मुळापासून बदलली. सातवरून आठवर जाणे म्हणजे स्थळ जवळजवळ पुन्हा बांधणेच होते. आठमध्ये सिम्फनी या दुसऱ्या मुक्त प्रकल्पाचे भाग वापरले होते. त्या भागांची मुदत संपत आल्याने ड्रुपल ८ ची देखभाल २ नोव्हेंबर २०२१ रोजी थांबली. थोरल्या ड्रुपल ७ ला मात्र तीनदा मुदतवाढ मिळून ते ५ जानेवारी २०२५ पर्यंत, म्हणजे बरोबर १४ वर्षे, जगले. आठवरून नऊवर जाणे सोपे केले होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही वेळेवर बदलणाऱ्यांना पुन्हा हलावे लागले आणि थांबून राहिलेल्यांना सवलत मिळाली. वारंवार पुढे जाणारी मुदत कोणी गंभीरपणे घेत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको!

याच परिस्थितीतून मुक्ततेचा खरा लाभही दिसला. काहींनी सातची आज्ञावली घेऊन जानेवारी २०१५ मध्ये ‘बॅकड्रॉप’ ही स्वतंत्र प्रणाली काढली व छोट्या संस्थांना सोपी वाट दिली. मालकी हक्काच्या प्रणालीत हे शक्य झाले नसते.

शाळेचे स्थळ उभारताना म्हणून तीन प्रश्न विचारावेत : या आवृत्तीची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत आहे? दुरुस्ती आल्यावर ती बसवणार कोण? पुढच्या आवृत्तीवर जाण्याचा खर्च कोठून येणार? केवळ सूचना व वेळापत्रक द्यायचे असेल, तर अशा प्रणालीची गरजच नाही. साधी, स्थिर पाने पुरतात. पण विद्यार्थ्यांची नावे, गुण, पालकांचे दूरध्वनी क्रमांक तेथे ठेवायचे असतील, तर तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय काम सुरू करू नये. स्थळ बांधून देणारा पुढच्या वर्षी नसेल, मुलांची माहिती मात्र तेथेच असेल.