पदावनतीच्या छायेतील समीक्षाव्यवहार : न्यूकॅसल युनायटेडच्या चाहत्यांचा संघनिवडविषयक वाद (हंगाम २००८-०९)

समीक्षा केवळ साहित्यकृतीचीच होते असे नाही. कृती, तिचा कर्ता, तिचा आस्वादक आणि मूल्यनिर्णयाचे निकष हे चार घटक जेथे एकत्र येतात, तेथे समीक्षाव्यवहार संभवतो. इंग्लंडमधील फुटबॉलचे चाहते प्रत्येक सामन्याच्या आधी आणि नंतर संघात कोणाला घ्यावे, कोणाला वगळावे, रचना कोणती असावी यावर जो अखंड वाद घालतात, तो या अर्थाने समीक्षेचाच एक प्रकार होय. तथापि या वादाकडे विद्यापीठीय अभ्यासाने त्या दृष्टीने क्वचितच पाहिले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका विशिष्ट प्रसंगाच्या आधारे करावयाचा आहे. तो प्रसंग म्हणजे २००८-०९ च्या हंगामात न्यूकॅसल युनायटेड या संघाची प्रीमियर लीगमधून झालेली पदावनती.

पदावनती किंवा रेलिगेशन ही संकल्पना क्रिकेटवर पोसलेल्या वाचकाला काहीशी अपरिचित असते. प्रीमियर लीगमध्ये २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने आणि अखेरीस तळाचे ३ संघ खालच्या श्रेणीत, अशी ही व्यवस्था आहे. दूरचित्रवाणी-हक्कांचे उत्पन्न कोसळते, चांगले खेळाडू सोडून जातात, आणि परत वर येण्याची शाश्वती कोणालाच देता येत नाही. विजेतेपदाची शर्यत फार तर दोन-तीन संघांची असते. जगण्याची लढाई मात्र दरवर्षी सहा-सात शहरांची झोप उडविते.

ब्रिटिश समाजशास्त्राने फुटबॉलच्या चाहत्याचा अभ्यास केला नाही असे मुळीच म्हणता येणार नाही. इयन टेलर यांच्या १९७१ च्या लेखनापासून डनिंग, मर्फी आणि विल्यम्स यांच्या १९८८ च्या ग्रंथापर्यंत चाहता हा विषय सातत्याने चर्चेत राहिला. परंतु हा चाहता मुख्यतः हुल्लडबाज होता. त्याचा वर्ग, त्याचे पौरुष, त्याची हिंसा यांची चिकित्सा झाली. त्याचे मत काय होते आणि ते बरोबर होते की चूक, हा प्रश्न विचारावा असे कोणाला वाटले नाही. निक हॉर्नबी यांच्या १९९२ च्या आत्मपर पुस्तकाने चाहत्याला अंतर्मन बहाल केले, हे खरे. पण तेथेही केंद्रस्थानी आहे ती आसक्ती, विवेचन नव्हे. चाहत्याला भावना असतात हे सर्वांनी मान्य केले, त्याला बुद्धीही असते हे मान्य करण्यात मात्र कुचराई झाली.

वस्तुतः १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चाहत्यांनी स्वतःची नियतकालिके काढली, तेव्हाच या बुद्धीचा पुरावा उपलब्ध झाला होता. १९८६ मध्ये ‘व्हेन सॅटर्डे कम्स’ निघाले. न्यूकॅसलमध्ये १९८८ पासून ‘द मॅग’ प्रसिद्ध होऊ लागले. क्लबच्या अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत जे छापले जाणे शक्य नव्हते ते या पानांत छापले जाई. मराठी वाचकाला येथे साठच्या दशकातील लघुनियतकालिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रस्थापितांविषयीचा तोच अविश्वास, तीच तुटपुंजी साधने, आणि आपल्याला या विषयातले त्यांच्यापेक्षा अधिक कळते हा तोच, कधी रास्त तर कधी अवाजवी, आत्मविश्वास.

न्यूकॅसलच्या चाहत्यांचे निकष कोठून आले, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या वादाचे स्वरूप कळणार नाही. केव्हिन किगन यांच्या मार्गदर्शनाखाली १९९५-९६ मध्ये या संघाने आक्रमक, मोकळ्या खेळाने सर्वांना मोहित केले, १२ गुणांची आघाडी घेतली आणि ती मँचेस्टर युनायटेडपुढे गमावली. विजेतेपद गेले, पण सुंदर खेळून हरण्याची एक स्मृती मागे राहिली आणि पुढे तिनेच मानदंडाचे काम केले. त्याच वर्षी, १९९६ मध्ये, ॲलन शिअरर हा न्यूकॅसलमध्येच वाढलेला खेळाडू १.५ कोटी पौंडांच्या तत्कालीन विश्वविक्रमी रकमेला घरी परतला आणि २००६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने क्लबसाठी २०६ गोल केले. या शहरात गोल करणारा ९ क्रमांकाचा खेळाडू हा केवळ खेळाडू नसतो, तर ते एक पद असते. दरम्यान शहराचे बाकीचे आधार ढासळत होते. टाइन नदीच्या काठी वॉलसेंड येथे असलेल्या स्वॉन हंटर गोदीची यंत्रसामग्री २००७ मध्ये मुंबईच्या भारती शिपयार्ड या कंपनीने विकत घेतली, आणि न्यूकॅसलमध्ये मुख्यालय असलेली, क्लबच्या जर्सीवर जिचे नाव होते ती नॉर्दर्न रॉक बँक फेब्रुवारी २००८ मध्ये सरकारला ताब्यात घ्यावी लागली. जे शहर जहाजे बांधण्याविषयी बोलू शकत नव्हते, ते आघाडीच्या फळीविषयी अधिक तावातावाने बोलले, तर त्यात नवल नाही.

हंगामाचा तपशील थोडक्यात असा. खेळाडूंच्या खरेदीवरून मतभेद होऊन किगन यांनी सप्टेंबर २००८ मध्ये पद सोडले. त्यांच्या जागी आलेले जो किनिअर फेब्रुवारीत हृदयविकारामुळे दूर झाले. मधल्या काळात क्रिस ह्यूटन यांनी धुरा वाहिली. १ एप्रिल २००९ रोजी, ८ सामने उरले असताना, शिअरर यांची नियुक्ती झाली. त्यांना प्रशिक्षकपदाचा कोणताही पूर्वानुभव नव्हता. तोपर्यंत ते बीबीसीवर सामन्यांचे विश्लेषण करीत होते. म्हणजे समीक्षकालाच लेखणी हाती घ्यावी लागली.

वादाचा केंद्रबिंदू होता आघाडीची फळी. मायकेल ओवेन, ओबाफेमी मार्टिन्स आणि मार्क व्हिडुका या तिघांपैकी कोणाला खेळवावे, की तिघांनाही? या प्रश्नामागे एक पूर्वसंदर्भ होता. २००८ च्या वसंतात किगन यांनी या तिघांना एकत्र खेळवून सलग ७ सामन्यांत पराभव टाळला होता. त्यामुळे ‘तिघेही’ हे उत्तर देणाऱ्यांजवळ पुरावा होता, निव्वळ स्वप्नरंजन नव्हते. उलट पक्षाचे म्हणणे असे की, एका वर्षात त्या तिघांचे पाय आणि त्यांच्यामागची मधली फळी दोन्ही बदलली आहेत; तेव्हा जे शोभले ते आता शोभेलच असे नाही. क्षेमेंद्राच्या औचित्यविचारात घटकाचे मोल त्याच्या स्थानावरून आणि इतर घटकांशी असलेल्या संबंधावरून ठरते. या परिभाषेचा वाराही न लागलेले टाइनकाठचे लोक औचित्याचाच प्रश्न लढवीत होते. महागडा ओवेन सुटा पाहिला तर अलंकार. पण त्याच्यापर्यंत चेंडूच पोहोचत नसेल तर त्याचे संघातील स्थान कोणते? दुसरीकडे ११ एप्रिल रोजी स्टोकविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या, शेजारच्या गेट्सहेडमध्ये जन्मलेल्या २० वर्षांच्या अँडी कॅरलने डोक्याने गोल करून १-१ अशी बरोबरी साधून दिली होती. नावलौकिक की भूक, आयात की स्थानिक, असे द्वंद्व त्यातून उभे राहिले आणि ते केवळ खेळापुरते नव्हते.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराचे स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव मानले. चाहत्याचा मूल्यनिर्णय या दोन ध्रुवांमध्ये नेहमीच हेलकावत असतो. हंगामाच्या मध्यावर तो ‘खेळ कसा झाला’ असे विचारू शकतो. एप्रिल उजाडला की ‘गुण किती मिळाले’ हा एकच प्रश्न उरतो. गंमत अशी की न्यूकॅसलमध्ये हे स्थित्यंतर पुरते झालेच नाही. जगण्यासाठी काय करावे या प्रश्नालाही उत्तर मिळत राहिले ते आक्रमणाच्याच भाषेत. १९९६ चा मानदंड २००९ च्या संकटाला लावला गेला.

या ठिकाणी आकडे बोलके आहेत. ३८ सामन्यांत न्यूकॅसलने ४० गोल केले. त्यांच्या वर राहून तगलेल्या हलने ३९ आणि सुंदरलँडने ३४. म्हणजे गोलांच्या संख्येने न्यूकॅसल खालच्या श्रेणीत गेले नाही. ७ विजय, १३ बरोबरी, १८ पराभव. एकूण ३४ गुण. हलचे ३५ होते. तेरा बरोबरींपैकी एकीचे विजयात रूपांतर झाले असते तरी संघ वाचला असता. वाद आघाडीवर होता. दुखणे मात्र मिळालेली आघाडी वा बरोबरी शेवटच्या शिटीपर्यंत नेणाऱ्या रचनेचे होते. शे गिव्हन हा अनुभवी गोलरक्षक हिवाळ्यात मँचेस्टर सिटीला विकला गेला होता. डेमियन डफ हा मूळचा विंगर, त्या वसंतात त्याला बचावफळीतही उतरविले जात होते. तेव्हा औचित्याचा खरा प्रश्न मैदानाच्या मागच्या अर्ध्या भागात होता. अर्थात चाहत्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. शिअरर यांच्या ८ पैकी ६ सामन्यांत संघाला एकही गोल करता आला नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत सहा वेळा पाटी कोरी राहते, त्याने आघाडीविषयीच बोलावे हे समजण्यासारखे आहे. ११ मे रोजी मिडल्सब्रोवर ३-१ असा जो एकमेव विजय मिळाला, त्यातही मार्टिन्स आणि पीटर लव्हेनक्रांड्स या बदली खेळाडूंनी गोल केले आणि ‘हे आधीच का उतरविले नाहीत’ या वादाला नवे इंधन मिळाले.

‘का नाही उतरविले’ हा प्रश्न या समीक्षेची व्याकरणिक प्रकृती उघड करतो. ती संकेतार्थात बोलते : अमुक असता तर तमुक झाले असते. प्रशिक्षकाचा संघ दर शनिवारी परीक्षेला बसतो. चाहत्याचा संघ कधीच बसत नाही, म्हणून तो सदैव अपराजित राहतो. साहित्यसमीक्षेतही न लिहिल्या गेलेल्या उत्तम कादंबरीशी लिहिलेल्या कादंबरीची तुलना करण्याची खोड आहेच. फरक इतकाच की येथे उरलेल्या सामन्यांची संख्या दर आठवड्याला कमी होते. आठ, सात, सहा. युक्तिवाद सुधारण्याची संधीही त्याच गतीने संपत जाते.

या वादातील सर्वांत मोठी उणीव मात्र तर्काची नसून पक्षपाताची होती. शिअरर यांच्या कारकिर्दीत संघाला २४ पैकी ५ गुण मिळाले. त्याआधीच्या ३० सामन्यांत २९ मिळाले होते. म्हणजे गती मंदावली. किनिअर यांना जी चूक माफ झाली नसती ती शिअरर यांना माफ झाली, आणि पदावनतीनंतरही त्यांनाच ठेवावे अशी मागणी होत राहिली. सहृदयता आणि भक्ती यांतील सीमारेषा येथे पुसली गेली. २४ मे रोजी व्हिला पार्कवर ॲस्टन व्हिलाच्या चाहत्यांनी, तुमचा पुढचा तारणहार न्यूकॅसलच्या दूरचित्रवाणीवरील विनोदी जोडगोळीपैकी कोण, असे विचारणारा फलक फडकाविला. तो क्रूर होता यात शंका नाही. पण त्या हंगामातील न्यूकॅसलच्या समीक्षादृष्टीचे इतके नेमके निदान अन्यत्र क्वचितच झाले असेल.

त्या दिवशी न्यूकॅसलला केवळ बरोबरी पुरेशी होती. गॅरेथ बॅरीचा फटका डफच्या अंगावर लागून जाळ्यात गेला. ओवेन राखीव बाकावरून उत्तरार्धात आला. सामना ०-१ असा संपला. तिकडे हलही मँचेस्टर युनायटेडकडून त्याच फरकाने हरले होते, तेही तीन दिवसांवर रोमचा चॅम्पियन्स लीग अंतिम सामना असल्याने प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिलेल्या युनायटेडकडून. तळाशी झुंजणारे चारही संघ, न्यूकॅसल, हल, सुंदरलँड आणि मिडल्सब्रो, त्या दुपारी हरले आणि तक्ता जागचा हलला नाही. दुसऱ्याच्या संघनिवडीविषयीही मत बाळगण्याची वेळ न्यूकॅसलकरांवर आली, हा या व्यवहाराचा आणखी एक पदर. आपल्याकडे असा वाद रुजू शकला नाही, याचे कारणही येथेच शोधता येईल. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये तळाला राहिलेला पुण्याचा भारत एफसी नव्या संघांना असलेल्या संरक्षणामुळे तगला आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो खाली गेला. जेथे निकाल मैदानाबाहेरच्या नियमाने लागतो, तेथे संघनिवडीवर वाद घालणाऱ्याच्या हाती काय उरते?

तसे पाहता न्यूकॅसलमध्येही निवडीचा अधिकार नेमका कोणाचा, हे स्पष्ट नव्हते. ऑक्टोबर २००९ मध्ये लवादाने किगन यांच्या बाजूने निर्णय देऊन २० लाख पौंडांची भरपाई मंजूर केली. त्यांना नको असलेला खेळाडू त्यांच्यावर लादला गेल्याचे त्यात मान्य झाले. म्हणजे हंगामभर चाहते ज्या कर्त्याला जबाबदार धरून बोलत होते, तो कर्ता अंशतः कल्पित होता. संहिता अनेक हातांनी लिहिली जात होती आणि त्यातील काही हात फुटबॉलचे नव्हतेच.

२००९-१० मध्ये ह्यूटन यांच्या मार्गदर्शनाखाली, आघाडीला कॅरलला ठेवून, संघाने १०२ गुणांसह खालच्या श्रेणीचे विजेतेपद मिळविले; कॅरलने लीगमध्ये १७ गोल केले. ओवेन तोवर मोफत हस्तांतरणाने मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला होता. डिसेंबर २०१० मध्ये संघ ११ व्या स्थानावर असताना मालकांनी ह्यूटन यांना पदमुक्त केले, तेव्हा न्यूकॅसलच्या चाहत्यांनी त्यांची बाजू घेतली. या वेळी त्यांच्यापुढे २०६ गोलांची स्मृती नव्हती, ९ क्रमांकाची जर्सी नव्हती. होता तो केवळ दीड वर्षाच्या संघनिवडीचा लेखाजोखा.