दुर्मिळ आजार धोरण, २०२१ आणि वाळूजचा कामगार : एक चिकित्सा

केंद्र शासनाने मार्च २०२१ मध्ये जाहीर केलेल्या ‘राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणा’ची चर्चा मुख्यत्वे निधीच्या अंगाने झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयासारखी उत्कृष्टता केंद्रे नेमली गेली आणि मे २०२२ मध्ये साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढली. या गोष्टींचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि धोरणाची मूळ दृष्टी तपासावयाची तर मास्टोसायटोसिससारखा आजार समोर ठेवावा लागतो.

पॉल एर्लिक यांनी १८७८ मध्ये ज्यांना ‘मास्ट’ हे नाव दिले, त्या पेशी या आजारात त्वचा, अस्थिमज्जा इत्यादी ठिकाणी प्रमाणाबाहेर साठतात व क्षुल्लक निमित्ताने हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात. उष्मा, घर्षण, कीटकदंश, मद्य, काही वेदनाशामके, मानसिक ताण; निमित्ते व्यक्तिगणिक भिन्न. अंग लाल होते, खाज सुटते, पोटात कळा येतात, क्वचित रक्तदाब एकाएकी कोसळतो. सौम्य प्रकारात हिस्टामिनरोधक गोळ्या आणि जवळ बाळगलेले अ‍ॅड्रेनालिन यांखेरीज उरतो तो निमित्ते टाळण्याचा उपाय.

धोरणाने आजारांचे तीन गट केले : एकदाच करावयाच्या उपचाराने बरे होणारे, दीर्घकालीन परंतु तुलनेने स्वस्त उपचारांचे, आणि आजन्म महाग उपचारांचे. म्हणजे गटवारीचा निकष उपचार व त्याची किंमत हाच. दुसऱ्या गटात विशेष आहारसूत्रांना स्थान आहे. अन्न हाही उपचार असतो, हे धोरणकर्त्यांना ठाऊक आहे. मात्र डब्यातून विकत येणारे अन्नच त्यांना दिसते. टाळलेल्या वस्तूची पावती नसते.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत याचा अर्थ काय होतो? मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीलगत त्याहून अधिक. तेथील कंत्राटी कामगाराला ‘उष्णता टाळा’ असे सांगणे म्हणजे काम सोडावयास सांगणेच होय. कर्मचारी राज्य विमा योजनेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा भत्ता आहे. पण नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस सर्वसाधारणपणे वगळले जातात. हा झटका मात्र काही वेळा तासाभरात ओसरतो आणि मग माणूस धडधाकट दिसतो. मुकादमाला तो कामचुकार वाटला, तर दोष एकट्या मुकादमाचा नव्हे.

पाळी बदलणे, भट्टीपासून दूरचे काम देणे यांस फारसा खर्च नाही. म्हणूनच कदाचित ते खर्चावर बेतलेल्या गटवारीत बसत नाही. त्यासाठी लागणारा वैद्यकीय दाखला नजीकच्या रुग्णालयातून मिळण्याची तरतूद या धोरणाशी जोडता येण्याजोगी आहे. अन्यथा तो मागण्यासाठी मुंबईची वाट धरायची, तर दोन दिवसांचा रोज बुडतो.