बंदूकवाल्यांची पुस्तकं, हाकाऱ्यांचं रान

लासूर स्टेशनच्या उत्तरेला, कन्नडपलीकडे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. नावातला औट्रम म्हणजे १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा आणि वाघांच्या शिकारीसाठी गाजलेला जेम्स औट्रम. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथच्या नजरेस पडली, तीही वाघामागे फिरताना. एवढी परंपरा असलेल्या या मुलखातली शिकार लिहिली गेली ती मात्र इंग्रजीत आणि साहेबांच्या नजरेतून.

त्या लेखनातलं आवर्जून वाचावं असं पुस्तक आर. जी. बर्टन यांचं ‘स्पोर्ट अँड वाइल्ड लाइफ इन द डेक्कन’ (१९२८). निजामाच्या मुलखात फौजेची नोकरी केलेल्या या माणसाकडे जनावरांची बारीक माहिती आहे. पण या साऱ्या परंपरेची मर्यादा इथेही आड येते. मचाणावरचा ‘मी’ ठळक आणि जनावर मचाणाकडे हुसकणाऱ्या हाक्याला जमलेली माणसं नुसती गर्दी. वाघाचा माग काढायचा गावकऱ्यानं, जीव धोक्यात घालायचा हाकाऱ्यानं. पुस्तकावर नाव मात्र बंदूकवाल्याचं.

जिम कॉर्बेट वेगळे ठरतात ते इथे. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) मध्ये भेदरलेली गावं, बंद पडलेली कामं, फसलेल्या रात्री यांना नेमाइतकीच जागा आहे. चंपावतची वाघीण ४३६ बळींची मानली जाते. तिचे सुळे जुन्या गोळीनं तुटले होते आणि त्यामुळेच ती नरभक्षक झाली, असं कॉर्बेट सांगतात. शिकारीच्या पुस्तकानंच बंदुकीवर ठेवलेला एवढा मोठा ठपका दुसरीकडे क्वचितच सापडेल. केनेथ अँडरसन यांचं ‘नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग’ (१९५४) दक्षिणेच्या रानातलं. रात्रीच्या जंगलाचं वातावरण उभं करण्यात ते तरबेज आहेत. तपशील मात्र चवीपुरता धरावा.

मराठीत खरी उडी शिकारीच्या पलीकडे पडली. व्यंकटेश माडगूळकर मुळात शिकारी; ‘नागझिरा’त ते बंदुकीविना रानात जातात आणि गद्याची शिस्त जराही ढळत नाही. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी ‘जंगलाचं देणं’ आणि ‘रानवाटा’मध्ये रानातल्या माणसांना जाणकार म्हणून मान दिला. त्यांच्या लेखनात पाहिलेलं आणि ऐकलेलं कधी कधी मिसळून जातं, हे खरं. तरी हाकाऱ्याची विद्या पानावर आणण्याचं मोठं काम त्यांनीच केलं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. पण ‘मी वाघ पाहिला’ची फुशारकी तशीच राहिली. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर वाघ गौताळ्यापर्यंत चालत आला. बातम्या झाल्या, फोटो फिरले. तो कुणाच्या कपाशीतून, कुठल्या नाल्यानं, कोणत्या रस्त्याखालून आला, हे सांगणारं पुस्तक अजून व्हायचं आहे. ते लिहायचं तर जीपऐवजी बांधावर बसावं लागेल. वनरक्षक, मेंढपाळ, रात्री पाणी धरणारा शेतकरी यांना नावानिशी पानावर आणावं लागेल.

तोवर वाचनाचा क्रम असा लावावा: आधी कॉर्बेट, मग चितमपल्ली, शेवटी बर्टन. हाकारे कुठे उभे होते हे आधी कळलं, की साहेबानं काय गाळलं ते आपोआप दिसू लागतं.